शपथेवरचं माळवद

भुसा पुन्हा पडला होता.

अंबुबाईनं सकाळीच झाडून काढला होता, वरून शेणाचा हात फिरवला होता. भाकरी तव्यावरून उतरते ना उतरते तोच मधल्या खणात, लेकीच्या वाकळेच्या उशाशी, चिमूटभर पिवळट भुसा. पीठ चाळताना सांडावं तसा. तिनं तो बोटावर घेतला, चोळला. मैद्यासारखा बारीक. मान वर करून तिनं तुळईकडं पाहिलं. नव्या घराची ती मधली तुळई, काळं डांबर फासलेली, सगळ्या माळवदाचा भार पेलून गप्प पडली होती.

वाकळेवर निंगव्वा झोपली होती. पोट वर, हात पोटावर. आठवा सरून नववा लागला होता.

अंबुबाईनं भुसा पदरात बांधला. कुणाला दाखवायचा, ते तिला ठाऊक नव्हतं. दाखवावा की नाही हेही ठाऊक नव्हतं. कारण ते छप्पर नुसतं माती-लाकडाचं नव्हतं. ते बिरोबाच्या भंडाऱ्यावर उभं होतं.

झालं होतं ते असं.

त्या वर्षी हस्ताचा पाऊस सोलापुरात जो बसला, तो सहा दिवस उठला नाही. हा मुलूख पावसाची वाट बघणारा. इथली घरं ऊन झेलायला बांधलेली. दगडमातीच्या भिंती, त्यावर लाकडाच्या तुळया, तुळयांवर काटक्या आणि काटक्यांवर हातभर पांढऱ्या मातीचं माळवद. चार सरी आल्या तर पांढरी माती पाणी खाली उतरू देत नाही. पण सहा दिवस कोण तग धरणार? पाचव्या दिवशी ओढा गल्लीत शिरला. सहाव्या दिवशी भर दुपारी अंबुबाईचा नवरा बिरप्पा मागावरची अर्धी विणलेली घोंगडी काढायला घरात गेला. ती भिजली तर दोन महिन्यांचं काम मातीत, एवढाच त्याच्या डोक्यात विचार. अंबुबाई अंगणात मेंढरं सोडत होती. तिनं वळून पाहिलं तर घर नव्हतं.

लोकांना वाटतं, घर पडताना कडाड वाजतं. ओल्या मातीचं घर पडत नाही, बसतं. म्हैस पाण्यात बसावी तसं. एक धाप टाकल्यासारखा आवाज, आणि संपलं. मातीतून बिरप्पाचा एक हात बाहेर राहिला होता. त्या हातात घोंगडीची किनार होती.

त्या दिवसापासून अंबुबाई छपराखाली गेली की आधी वर बघायची. कुणाच्याही घरात. देवळातसुद्धा.

गल्लीतली बारा घरं गेली. पाऊस उघडला, चिखल वाळायला लागला आणि दुसऱ्या आठवड्यात कंत्राटदार आले. गाव मेलं की आधी गिधाडं येतात, मागून हे. गिधाडं परवडली, ती निदान मेलेल्याचंच खातात. काल जो वखारीत लाकडं वाहत होता, तो आज डोक्याला रुमाल गुंडाळून मिस्त्री झाला. ज्याला भिंतीचा कोन कळत नव्हता, तो दारोदार फिरून म्हणायला लागला, आमच्या हातचं घर सात पिढ्या बघतंय. आणि माणसं दारात बसून ऐकत होती, कारण उघड्यावर पोरंबाळं घेऊन बसलेल्या माणसाला कुणीतरी छप्पर म्हटलं की त्याच्या तोंडाकडंच बघत बसावं वाटतं. हे त्या हरामखोरांना पक्कं ठाऊक होतं.

अंबुबाईला घाई होती. तिची एकुलती लेक दुधनीला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरात व्हायचं ही रीत. पण बापाच्या दहाव्यालाच निंगव्वाच्या सासूनं, मल्लव्वानं, तोंडावर सांगितलं होतं, "दुःख तुमचं मोठं हाय, मला कळतंय. पर पडक्या घरात मी सून धाडायची न्हाय. छप्पर हुभं करा, दिवाळी झाली की पोरगी आणून घालते. न्हायतर आमच्यातच बाळंत हुईल." जाताना निंगव्वानं आईचा पदर धरला तो सोडेना, एवढंच.

म्हणून अंबुबाईनं पहिल्यांदा जोतीरामतात्याला बोलावलं. जोतीराम म्हणजे म्हातारा गवंडी. एक डोळा अधू, तोंड फाटकं, हात मात्र असे की त्यानं लिंपलेल्या भिंतीवरून मुंगी घसरावी. तो आला, पडझड बघत हिंडला, मातीची ढेकळं फोडून हुंगली आणि म्हणाला, "लिंबाच्या तुळया लागतील. कापायच्या, वाळवायच्या. पांढरी माती जुन्या गढीवरनं आणावी लागंल, ओढ्याची चालायची न्हाय. पौष उजाडंल."

"तात्या, मार्गशीर्षात पोरगी बाळंत हुणार."

"मग मार्गशीर्षात बाळंत हुईल. लाकूड तिच्यासाठी लवकर वाळंल व्हय?"

अंबुबाईचा धाकटा दीर मायाप्पा तिथंच उभा होता. गल्लीच्या टोकाच्या बिरोबाची पूजा त्याच्याकडं. बिरप्पा गेल्यापासून घरातला पुरुष म्हणजे तोच. तो म्हणाला, "बरं, पौष तर पौष. पर भंडारा उचलायचा. छप्पर पडणार न्हाय म्हणून."

ही धनगरांची जुनी रीत. मेंढरांची वाटणी असो की पोरीची सोयरीक, बिरोबापुढचा भंडारा ओंजळीत घेऊन बोललेला शब्द म्हणजे शेवट. त्यापुढं साक्ष नाही, कागद नाही. भंडारा उचलून खोटं बोलेल असा माणूस त्या गल्लीनं पाहिलाच नव्हता. बिचाऱ्यांचं नशीब.

जोतीरामानं मायाप्पाकडं चांगल्या डोळ्यानं पाहिलं. "पाऊस किती पडंल ते तुज्या बिरोबानं मला सांगितलंय व्हय?"

"न्हाय."

"मग मी कशाच्या जोरावर उचलू? लाकूड तुमच्यादेखत सळईनं टोचून घीन. माती तुमच्यादेखत मळीन. तेवढं माझ्या हातात हाय. फुडचं माझ्या हातात न्हाय, म्हणून त्याची शपथ न्हाय."

"म्हंजी तुमचाच तुमच्या कामावर भरवसा न्हाय की."

"मातीला शपथ कळत न्हाय बाबा. मातीला पाणी कळतं." म्हाताऱ्यानं चप्पल पायात सरकवली. "भंडारा उचलणारा घावंल की तुमाला. लई घावतील. औंदा त्याचंच पीक आलंय."

तो गेला आणि मायाप्पा म्हणाला, "बघितलंत वैनी? मनात खोट नसती तर उचलला असता." अंबुबाईलाही ते पटलं. पटलं म्हणजे किती, तर तिनं जोतीरामाला दिलेला चहाचा पेला, खोट लागल्यासारखा, दोनदा घासला.

मग शरणप्पा मिस्त्री आला. पांढराशुभ्र रुमाल, कपाळ चकचकीत, कमरेला पितळी ओळंबा लटकवलेला. भिंत सरळ आहे की नाही ते बघायची ती दोरीची वस्तू; पण शरणप्पाच्या कमरेवरून ती भिंतीला लागलेली कुणी कधी पाहिली नाही. खिशात कुणा साहेबाची इंग्रजी चिठ्ठी होती, ती तो उघडून दाखवायचा आणि वाचायच्या आत घडी घालायचा. बोलणं मात्र मधासारखं. सरहद्दीकडचा, अर्धं कानडी अर्धं मराठी.

"चिंती माडब्याडरी अक्का. काळजी माझ्यावर सोडा. बावीस दिसांत घर. दिवाळीला लेकीला आणा."

मायाप्पानं भंडाऱ्याचं नाव काढलं तर तो म्हणाला, "म्या सोता म्हणणार हुतो."

बिरोबापुढं त्यानं ओंजळभर भंडारा घेतला. कपाळाला फासला, चिमूटभर तोंडात टाकला आणि डोळे मिटून म्हणाला, "ह्या माउलीचं छप्पर खोटं निघालं तर माझा वंश बुडू दे." मायाप्पाच्या डोळ्यांतून पाणी आलं. अंबुबाईनं जमिनीला डोकं टेकलं. त्या एका ओंजळीवर गल्लीतली अकरा घरं शरणप्पाला मिळाली, कारण बिरोबापुढं बोललेलं साऱ्यांनी ऐकलं होतं आणि शेजारणीला मिळालं ते आपल्यालाही मिळावं हे माणसाच्या रक्तातच असतं.

बावीस दिवसांत घर झालं, हे खरं. तुळया पहाटेच गाडीतून यायच्या, आधीच डांबर फासून. वाळवी लागू नये म्हणून, असं शरणप्पा सांगायचा. एकदा जोतीराम गल्लीतून चालला होता. थांबला, त्या काळ्या लाकडांच्या राशीकडं बघितलं आणि म्हणाला, "तोंडाला काळं फासून आलेलं लाकूड म्या पयल्यांदाच बघतोय." बायका हसल्या. मायाप्पा म्हणाला, "पोट दुखतंय म्हाताऱ्याचं."

दिवाळी झाली. दुधनीहून निंगव्वा आली. आणि चौथ्या दिवशी पहिला भुसा पडला.

आता कार्तिक संपत आला होता. दोन दिवस आभाळ भरून होतं. असा वारा या दिवसांत सुटत नाही; पूर्वेकडून येत होता, ओला, चिकट. गिरणीचा भोंगासुद्धा जाड झाल्यासारखा ऐकू यायचा. बाजारातले तेलुगू साळी म्हणत होते, तिकडं समुद्रात तुफान उठलंय.

अंबुबाई पदरातला भुसा घेऊन मायाप्पाकडं गेली. तो घराच्या मागच्या अंगाला पाचटाच्या झोपडीत राहायचा. त्या पावसात त्याची झोपडी गळून गळून बेजार झाली होती, पण पडली नव्हती. पाचट गळतं, मारत नाही.

"भावजी, हे बघा."

मायाप्पानं बघितलं. "नव्या लाकडाचा भुसा पडतोच."

"नवं लाकूड हाय का पर ते?"

मायाप्पा उठून बसला. "वैनी, काय म्हणायचंय तुमाला?"

"मला काय म्हणायचं न्हाय. निंगीला तुमच्या झोपडीत निजवू का, एवढंच इचारते. पाऊस जाईस्तवर."

"का?"

तिनं भुसा पुन्हा पदराच्या गाठीत बांधला.

"म्हंजी भंडाऱ्यावर संशय." मायाप्पाचा आवाज खाली आला, आणि तो ओरडला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. "त्यानं देवाफुडं उचललाय. आता तुमी पोरीला त्या छपराखालनं हालवलंत तर देवाला खोटं पाडलं. कोप कुणावर यील ठाव हाय? तुमच्यावर न्हाय, माझ्यावर न्हाय. जिला नववा लागलाय तिच्यावर यील."

वर तुळई, तिच्यावर देव. लेकीला छपराखाली ठेवावं तर माती, बाहेर काढावं तर कोप. अंबुबाई परत घरात आली, निंगव्वाच्या उशाशी बसली आणि वर बघत राहिली. भर दुपार, पण आत दिवा लावावा लागेल इतकं अंधारून आलं होतं. कान लावला की तुळईत काहीतरी ऐकू यायचं. कर्र. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, कुणी दात खाल्ल्यासारखं.

"अव्वा, काय बघतीस गं सारखी वर?"

"काय न्हाय. जाळी हुती कोळ्याची."

"नव्या घरात?"

"नीज तू."

निंगव्वानं कूस बदलली. "मला सपान पडलं. बा मातीतनं हात हालवत हुता. ये म्हणत हुता का जा म्हणत हुता ते कळंना."

अंबुबाई बसून राहिली नाही. बसणं म्हणजे काय ते तिनं एकदा घर बसताना पाहिलं होतं. देवाला विचारायची सोय नव्हती. पण ज्यानं ओंजळ भरून भंडारा उचलला होता तो चालताबोलता होता. त्याला विचारायची एक रीत होती.

नवं घर झालं की त्यातलं पहिलं ताट गवंड्याचं, मधल्या तुळईखाली बसवून. घरात मरण झालेलं, वर्षाच्या आत वास्तुशांत नको म्हणून हे ताट राहूनच गेलं होतं. ती पुन्हा मायाप्पाकडं गेली. "मिस्त्रीचं ताट राहिलंय. पाऊस यायच्या आत उद्या जेवू घालावं म्हणते." मायाप्पाला बरं वाटलं. वहिनीचं डोकं ठिकाणावर आलं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं शेंगोळे केले, ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगाची चटणी, वर तूप. चटणीत मीठ दोनदा पडलं. मधल्या तुळईच्या बरोबर खाली तिनं घोंगडी घातली. तीच, अर्धी विणलेली. धुऊन ठेवलेली. निंगव्वाला तिनं मागच्या दाराशी, चुलीजवळ बसवलं.

शरणप्पा आला तेव्हा आभाळ छपराला टेकल्यासारखं झालं होतं. हातपाय धुऊन तो दारात उभा राहिला. मायाप्पानं त्याला घोंगडीवरची जागा दाखवली. "बसा मिस्त्री. मान तुमचा."

शरणप्पानं घोंगडीकडं बघितलं आणि मग, पापणी लवावी इतकाच वेळ, वर. "हितंच बसतो की," म्हणत तो उंबऱ्याला पाठ लावून बसला. "जेवताना वारं लागाया पायजे मला."

"वारं सुटलंय की बक्कळ. आतपातुर येतंय," अंबुबाई म्हणाली.

"उजेडबी लागतो अक्का. म्हातारपण."

"दिवा लावते."

"कशाला तरास." त्यानं स्वतःच ताट उचललं आणि उंबऱ्याजवळ ओढून घेतलं. भाकरी मोडली. मायाप्पा आपलं ताट घेऊन घोंगडीवर, तुळईखाली बसला. त्याला काहीच वाटलं नाही. देवाचा भोळा माणूस.

पहिले थेंब माळवदावर पडले. मग सर आली. थोड्या वेळानं तुळईत कर्र वाजलं.

अंबुबाई तुळईकडं बघत नव्हती. ती शरणप्पाकडं बघत होती. त्याचा घास तोंडाशी थांबला. डोळे वर गेले, भिंतीत तुळई जिथं शिरते बरोबर त्याच टोकाला जाऊन खिळले. माणूस हरवलेली वस्तू शोधताना इकडंतिकडं बघतो. ठेवलेली वस्तू बघताना सरळ तिथंच बघतो. शरणप्पानं सरळ तिथंच बघितलं.

"मायाप्पा," तो सहज बोलावं तसा म्हणाला, "हिकडं या की. जोडीनं जेवू. तितं एकटं काय बसताय."

मायाप्पाचा हात ताटात थांबला.

अंबुबाई उठली. भिंतीतल्या देवळीतली भंडाऱ्याची वाटी तिनं घेतली आणि घोंगडीवर ठेवली, तुळईखाली. "मिस्त्री, तवा देवळात उचललात. आता हितं हुबं राहून येकदा उचला. माझ्या समाधानासाठी. तेवढंच."

शरणप्पा हसला. "उचलतो की. आणा हिकडं वाटी. देव काय, दारातबी हाय."

"देव दारातबी हाय. तुळई हितं हाय."

"अक्का, जेवत्या ताटावरनं उठवणार व्हय मला?"

"तीन पावलं हायत मिस्त्री."

पाऊस वाढला. माळवदावर आता थेंब वाजत नव्हते, नुसता भार पडल्यासारखा घुमारा होता. शरणप्पानं वाटीकडं पाहिलं, मायाप्पाकडं पाहिलं. ओंजळ भरून वंश बुडवायची भाषा करताना ज्या माणसाचा केस हलला नव्हता, त्याच्या कपाळावर घाम आला होता. देवाला न भ्यालेला माणूस लाकडाला भ्याला. कारण देव कसा आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, लाकूड कसं आहे ते ठाऊक होतं.

त्यानं ताटातच हात धुतला. "मला जायला पायजे. पलीकडं काम उघड्यावर पडलंय." आणि डोक्यावरचा रुमाल सावरत तो पावसात निघून गेला. जाताना भिंतीला पाठ घासून गेला, पण आत पाऊल टाकलं नाही.

मायाप्पा उठला. तोंड राखेसारखं झालं होतं. तो चुलीपाशी गेला, निंगव्वाला दोन्ही हातांवर उचललं. पोटुशी, जड पोर. मागच्या दारानं बाहेर पडून पावसातून आपल्या झोपडीत नेऊन ठेवलं. मग परत आला आणि अंगणात उभा राहून भिजत म्हणाला, "वैनी, भाईर या. मी तात्याला आणतो."

"तात्या येत्याल व्हय? चहाचा पेला दोनदा घासला म्या."

"पाया पडीन."

जोतीराम आला. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात हातभर लोखंडी सळई. त्यानं कुणाला बोल लावला नाही. त्यानं बोल लावला असता तर अंबुबाईला सोपं गेलं असतं. आत जायच्या आधी त्यानं उंबऱ्यावर थांबून कान दिला. मग भिंतीच्या कडेकडेनं सरकत गेला, तुळईच्या टोकाशी हात वर केला आणि सळई लावली. ठोकलीही नाही. नुसती दाबली. सळई डांबरातून आत गेली, जसं मळलेल्या पिठात बोट जावं, आणि हाताच्या वितीएवढी जाऊन थांबली. काढली तेव्हा तिच्या मागून भुशाची धार लागली.

"ही नवी न्हाय," तो बाहेर येऊन म्हणाला. "ही कुणाच्या तरी पडक्या घरातनं उचललेली. वाळवी खाऊन बसलीया, वरनं मेण आन् शेण भरून डांबर फासलंय. आन् वर माती ओढ्याची. पाणी पिऊन फुगणारी." तो जरा थांबला. "कुणाच्या घरातली, ते मला इचारू नगा."

अंबुबाईनं विचारलं नाही. पण त्या काळ्या लाकडाखाली कुणीतरी एकदा मेलं असेल, हे तिला कळलं. आणि मेलं ते आपलंच माणूस असेल का, हा विचार मनात आला तो तिनं तिथंच दाबला. काही गोष्टी न कळलेल्या बऱ्या.

दिवे लागायच्या सुमारास घर बसलं. तसंच, धाप टाकून. या वेळी आत कुणी नव्हतं. शेंगोळ्यांचं पातेलं आणि भंडाऱ्याची वाटी तेवढी आत राहिली.

पाचटाच्या झोपडीत निंगव्वाला कळा सुरू झाल्या होत्या. चार ठिकाणी गळत होतं. तिच्या अंगावर घोंगड्यांचा आडोसा धरून मायाप्पा बाहेरच्या बाजूनं उभा राहिला, पाठ करून, सगळा पाऊस अंगावर घेत. सकाळी, पावसाचा जोर जरा मोडला तेव्हा, मुलगी झाली. बारीक, पण रडायला खणखणीत. मायाप्पानं कपाळाला लावायला भंडारा शोधला. मग हात आपोआप खाली आला. त्यानं चुलीतली राख घेतली आणि तीच लावली.

अंबुबाई बाळंतिणीपाशी घटकाभर बसली. मग उठली. जोतीराम अंगणात पडक्या मातीतून लाकडं बाजूला काढत होता. "तात्या, सळई द्या जरा."

म्हाताऱ्यानं लाकडाला टेकवलेली सळई उचलली. दिली.

शेजारचं पहिलं घर कस्तुराबाईचं. त्या दारात उभ्या होत्या. घर पडल्याचं रात्रीच साऱ्या गल्लीला कळलं होतं. कुणी आलं नव्हतं. पायलीभर बडबड करणारी ही बाई आज दार अर्धंच उघडून उभी होती.

"कस्तुराकाकू, पोरं भाईर काढा. मिस्त्रीचं लाकूड सडकं हाय. तात्यानं बघितलं."

"तात्याला काम मिळालं न्हाय, तो असंच बोलणार."

"मी सोता बघितलं."

"तू काय बघितलंस अंबू, ते मला कळतंय. तुझा धनी त्या मातीत गेला. आता तुला समद्यांच्याच घरात मरण दिसायला लागलंय." कस्तुराबाईंचा आवाज बारीक झाला. "त्यानं भंडारा उचललाय की गं. तुमच्यासमोर. तुझं घर पडलं ते तू संशय घेतलास म्हणून पडलं. मायाप्पानंच सांगितलं हुतं न्हवं, कोप यील म्हणून?"

पंधरा दिवसांपूर्वी अंबुबाई स्वतः हेच बोलली असती. त्याच शब्दांत. तिनं कस्तुराबाईंच्या खांद्यावरून आत बघितलं. मधल्या तुळईला पाळण्याच्या दोऱ्या बांधलेल्या. पाळणा हळूहळू झुलत होता. आतून मुठीएवढा पाय दिसत होता. पाळण्याखाली सारवलेल्या जमिनीवर चिमूटभर पिवळट काहीतरी.

छपराखाली जाण्याइतकी भीती तिला दुसऱ्या कशाची वाटत नव्हती. पाऊस परत सुरू झाला होता. तिनं सळई मुठीत घट्ट धरली, कस्तुराबाईंना खांद्यानं बाजूला सारलं आणि आत गेली. भिंतीच्या कडेनं, जोतीराम गेला होता तशी. हात वर केला. सळई दाबली.

भुशाची धार तिच्या मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत आली.

कस्तुराबाई बघत होत्या. त्या आत आल्या, पाळण्यातून पोर उचललं, छातीशी धरलं आणि डोक्यावर पदर न घेता तशाच पावसात बाहेर गेल्या.

अंबुबाईनं सळई पदराला पुसली. गल्लीत अजून नऊ घरं होती.